तुतीच्या झाडापर्यंतची सोबत

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि चौथ्याच महिन्यात मला सिंगापूरचं पोस्टिंग आलं. नोकरी खाजगी कंपनीची होती, पण मी त्याला पोस्टिंगच म्हणतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. नव्वदीच्या दशकाची ती सुरुवात होती. रशियन फौजा परत गेल्या होत्या आणि अफगाणिस्तानात शेताशेतांत सुरुंग पेरलेले राहिले होते. ते काढण्याची कंत्राटं निघत. आमच्या कंपनीचं ऑफिस तांजोंग पगारमध्ये, एका जुन्या शॉपहाउसच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली शिंप्याचं दुकान, वर आम्ही.

मी सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतली बारा वर्षं सर्व्हे आणि नकाशात गेली. इथेही तेच काम. खालून दिवा असलेल्या लाइट टेबलवर हवाई फोटो ठेवायचा, वर ट्रेसिंग फिल्म, आणि ओढे, वाटा, भिंती, विहिरी उतरवून घ्यायच्या. टीम तिकडे जमिनीवर, मी इकडे एअर कंडिशनरखाली स्वेटर घालून. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारे लोक विचारतात, "सुभेदारसाहेब, लढाईत किती जणांना मारलंत?" मी सरळ सांगतो की माझ्या रायफलने कोणी मेल्याचं मला ठाऊक नाही. ते जरा हिरमुसतात. पुढचं मी सांगत नसे. आता लिहितो आहे.

गावाचं नाव देत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना विसर पडत नाही.

पहिल्या पाहणीसाठी मला स्वतःला पाठवलं. सहा आठवडे होतो. पूर्वेकडच्या डोंगरांत एक अरुंद दरी. मधून नाला जातो, तो वर्षाचे दहा महिने कोरडा. दरीच्या वरच्या अंगाला वीस-बावीस घरं, खालच्या अंगाला तीस. घर म्हणजे मातीची उंच तटबंदी, बाहेरच्या बाजूला एकही खिडकी नाही आणि एका कोपऱ्यात बुरूज. पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून येतं. ते आधी वरच्या शेतांत निघतं, मग खालच्या. मोटाररस्ता फक्त खालच्या वस्तीच्या पायथ्याशी. फोटोत पाहिलं तर हे एकच गाव दिसतं.

जमिनीवर ती दोन गावं होती. वरची वस्ती एका खेलाची, खालची दुसऱ्या. खेल म्हणजे एकाच मूळ पुरुषाची संतती, आपल्याकडची भावकी. दोघांचा खापरपणजा एक, नमाजाची दिशा एक, आणि पाण्याच्या पाळीवरून अकरा वर्षं खून चाललेले. वरच्यांचे चार गेले होते, खालच्यांचे पाच. म्हणजे मरायची पुढची पाळी वरच्यांची, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

मला कोणीही प्रेमाने वागवलं नाही. वरच्या वस्तीत चहा मिळे, पण पेला पुढे सरकवताना माणूस तोंड फिरवून घेई. खालच्या वस्तीचे लोक छतावर बसून दिवसभर माझ्याकडे बघत, मांडीवर बंदूक आडवी. मी कोन मोजायला थिओडोलाइट लावला की ते एकमेकांत काही बोलत आणि हसत नसत. रोज संध्याकाळी मला वाटे की उद्या हे आपल्याला उडवणार. मलाही त्यांचा राग येई. ज्यांच्या शेतातले सुरुंग काढायला आलो, त्यांनीच आपल्याला शत्रूसारखं न्याहाळावं, हे मला पटत नव्हतं.

माझ्या जिवाला धोका नव्हता तो एका माणसामुळे. नियाज गुल. वरच्या वस्तीचा, वय असेल चाळीस, दाढी लाल मेंदीची, उजव्या हाताचं एक बोट अर्धं. कराचीत आठ वर्षं ट्रकवर क्लीनर होता, त्यामुळे त्याला हिंदी येई. तो माझा बद्रगा होता. बद्रगा म्हणजे सोबत चालणारा जामीन. त्याच्या खेलाच्या हद्दीत तो बरोबर असेल तोवर पाहुण्याला हात लावायचा नाही. लावला तर भांडण त्याच्या साऱ्या भावकीशी. तो बोलायचा फार कमी. माझ्या चालण्याला मात्र नावं ठेवायचा. "सूबेदार, बकरी भी तुमसे सीधी चलती है," म्हणायचा.

चौथ्या आठवड्यात आम्ही दरीतून उतरत होतो. वाटेत एक म्हातारं तुतीचं झाड आहे, अर्धं वठलेलं. नियाज झाडाखाली थांबला आणि बसला.

मी म्हटलं, "चलो."

"इधर तक मैं हूँ," तो म्हणाला. "इससे आगे मैं नहीं हूँ."

मी समोर पाहिलं. भिंत नाही, बांध नाही, दगड रोवलेला नाही. नांगरलेलं शेत सरळ खाली मोटाररस्त्यापर्यंत गेलेलं. फार तर नऊशे मीटर. आमची टीम वरच्या वस्तीत मुक्काम करणार होती आणि तिथपर्यंत सामान आणायचं तर डोंगराच्या धारेवरून अडीच तासांचा द्राविडी प्राणायाम. इथून गेलं तर पंधरा मिनिटं. मी त्याला विचारलं, पाहुणा पलीकडे कसा जातो? तो म्हणाला, पलीकडचा माणूस झाडापर्यंत येतो, पाहुण्याचा हात त्याच्या हातात देतात. माणूस बदलतो. पण त्यासाठी आधी निरोप जावा लागतो, दोन दिवस लागतात.

मी फील्ड बुकात तुतीचं झाड काढलं आणि त्यातून लाल पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली.

सिंगापूरला परत आलो. ऑपरेशन्स बघणारा माणूस तान. स्थानिक चिनी, पस्तिशीचा, सैनिकी सेवा केलेला, इस्त्रीच्या शर्टाचा. त्याचं माझं पहिल्या दिवसापासून जमलं नव्हतं. तो मला नावाने हाक मारी आणि मी उत्तर द्यायला दोन सेकंद जास्त लावत असे. कच्चा नकाशा त्याने लाइट टेबलवर पाहिला आणि लाल रेघेवर बोट ठेवलं.

"व्हॉट्स धिस? वॉल?"

"नो."

"डिच? फेन्स?"

"नो. ट्राइब चेंजेस हिअर."

"ऑन द ग्राउंड गॉट नथिंग, ऑन द मॅप नथिंग, लाह." शेवटी 'लाह' लावायची ही तिथल्या लोकांची लकब.

मी वाद घातला असं लिहायला मला आवडलं असतं. घातला नाही. कारण मलाही तेच शिकवलेलं. जमिनीवर जे उभं आहे ते नकाशात, माणसांच्या मनात आहे ते नाही. माण तालुक्यात माझ्या गावी एक विहीर आहे. तिच्या पाण्यावरून दोन भावकी तीन पिढ्या एकमेकांच्या मयताला जात नाहीत. सरकारी नकाशात ती विहीर म्हणजे एक निळं टिंब आहे. हे मला ठाऊक असून मी रबर घेतलं आणि रेघ पुसली. झाडही पुसलं, कारण एकट्या झाडाला काही महत्त्व नव्हतं.

नंतर मी त्याहून मोठी चूक केली. जखमी माणूस बाहेर काढायचा मार्ग नकाशात आखावा लागतो. मी तो वरच्या वस्तीतून सरळ नांगरटीतून मोटाररस्त्यापर्यंत आखला. सॅपरच्या डोळ्याला नांगरलेली जमीन म्हणजे सुरक्षित जमीन. जिथे रोज बैल चालतात तिथे सुरुंग नसतो. हिरव्या शाईची सुंदर रेघ आली. तानने त्यावरून योजना केली. एक गाव, एक बद्रगा. मी खाली सही केली.

टीम गेली. टीमचा प्रमुख मोहिते, निवृत्त हवालदार, साताऱ्याकडचा. चौदा वर्षं माझ्या हाताखाली काढलेली. त्याला या नोकरीत मीच ओढला होता. त्याच्या बायकोने निघताना माझ्या बायकोला फोन करून एवढंच सांगितलं होतं, "वहिनी, साहेबांना सांगा, यांच्यावर लक्ष ठेवा." त्याच्याबरोबर सहा सुरुंग काढणारे होते. त्यांतला एक नेपाळी, थापा, सगळ्यांत हसतमुख. आणि बद्रगा म्हणून नियाज गुल.

पाच आठवडे रोजचं काम चाललं. त्यांची घड्याळं आमच्यापेक्षा साडेतीन तास मागे. ते पहाटे सुरू करत, त्यामुळे आमच्या साडेदहाला त्यांचा पहिला रिपोर्ट येई. सॅटेलाइट फोन ब्रीफकेसएवढा. झाकण उघडून आकाशाकडे रोखायचं आणि मग बोलायचं. एक वाक्य पोचायला क्षणभर लागे. सामान नेहमी डोंगराच्या धारेवरून येई. तान एकदा म्हणाला, शॉर्टकट असताना हे लोक वळसा का घालतात? मी म्हटलं, सवय. तेव्हाही बोललो नाही.

त्या दिवशी फोन वाजला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते.

"साहेब, कॅज्युअल्टी एक. थापा. उजवा पाय. सात वाजून दोन मिनिटांनी. ओव्हर."

"शुद्धीवर? ओव्हर."

"हाय. रगत थांबंना. पट्टा आवळलाय, पर जखम लई वर हाय, मांडीला. अँब्युलन्स खाली रस्त्यावर उभी हाय. ओव्हर."

"तुम्ही कुठे? ओव्हर."

"तुतीच्या झाडाखाली. नकाशातल्या वाटंनं निघालो. नियाज थांबलाय. म्हनतोय, हितनं फुडं मी न्हाई. ओव्हर."

तान माझ्या शेजारी येऊन उभा होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण 'कॅज्युअल्टी' कळलं होतं. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "व्हाय स्टॉप? रूट इज क्लिअर. टेल देम गो!"

मी मोहितेला विचारलं, समोर काय दिसतं.

"छतावर मानसं. चार. आता पाच. बंदुका हैत. नियाजकडं बगत्यात. ओव्हर."

माझ्यासमोर तीन मार्ग होते. पहिला, मागे फिरून धारेवरून जायचं. अडीच तास. थापा वाटेत गेला असता. दुसरा, मोहितेने एकट्याने हात वर करून नांगरटीत उतरायचं, खालच्या वस्तीकडे जाऊन माणूस मागायचा. त्याला बद्रगा नाही, पण तो परका, वैरी नव्हे. गोळी घालतील किंवा घालणार नाहीत. जाऊन येऊन पंचवीस मिनिटं. तिसरा मार्ग नियाज.

आज मला दुसरा मार्ग बरोबर वाटतो. बहुतेक तेव्हाही वाटला होता. पण मोहिते माझा माणूस होता आणि नियाज माझा नव्हता. हा विचार मी चार-पाच सेकंदांत केला.

"नियाजला फोन दे," मी म्हटलं.

त्याचा श्वास ऐकू आला. मग आवाज.

"बोलो, सूबेदार."

"नियाज गुल, ये मेहमान किसके हैं?"

क्षणभर नुसती खरखर. वाक्य आकाशात जाऊन खाली यायला लागतो तेवढा वेळ, आणि त्याहून थोडा जास्त.

"मेरे."

"तो इनको सड़क तक कौन पहुँचाएगा?"

मला त्या लोकांच्या चालीरीती कळत नव्हत्या असं कोणी म्हणू नये. सहा आठवड्यांत ही एक गोष्ट मला पुरती कळली होती. या प्रश्नाला तो नाही म्हणू शकत नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तो विचारला.

"ठीक है," नियाज म्हणाला. फोन मोहितेकडे दिला. मोहिते म्हणाला, "साहेब, तुमी त्याला काय बोल्लात? त्यानं रायफल झाडाला टांगली. ओव्हर."

"निघा. रस्त्यावर पोचलास की कळव. ओव्हर अँड आउट."

फोन बंद झाला तेव्हा दहा बावन्न झाले होते. चालताना ब्रीफकेस बंद करावी लागे, त्यामुळे पुढचं मला ऐकू येणार नव्हतं. मी लाइट टेबलसमोर बसलो. फिल्मवर ती हिरवी रेघ होती. जिथे झाड होतं तिथे रबराने फिल्म जरा खरवडलेली दिसत होती. तान खाली जाऊन दोन कॉफ्या घेऊन आला, प्लास्टिकच्या पिशव्यांतून, तिथे देतात तशा. आम्ही दोघांनीही प्यायल्या नाहीत.

अकरा एकतीसला फोन आला.

"साहेब, थापा गाडीत. गाडी निघाली. डॉक्टर म्हनतोय जगंल. पाय न्हाई ऱ्हायचा. ओव्हर."

"आणि नियाज? ओव्हर."



"न्हाई, साहेब. ओव्हर."

त्याने जे सांगितलं ते असं. नियाज स्ट्रेचरच्या दहा पावलं पुढे चालला होता. दोन्ही हात अंगापासून लांब, तळवे उघडे. तोंडाने एकच शब्द मोठ्याने म्हणत होता, पाहुणे. झाडापासून दोनशे पावलांवर गोळी आली. एकच. तो पडला तो पुन्हा हलला नाही. स्ट्रेचरवाले चौघे आणि मोहिते तिथेच उभे राहिले. मग छतांवरून माणसं उतरली. बंदुका पाठीला लावल्या. नियाजकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांनी स्ट्रेचरचे दांडे स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि थापाला रस्त्यापर्यंत नेलं. एकाने त्याला पाणी पाजलं. त्यांच्यातला म्हातारा मोडक्या हिंदीत मोहितेला म्हणाला, तुम्ही पाहुणे, तुमच्याशी आमचं काही नाही, त्याच्याशी होतं. नियाजला न्यायला वरच्या वस्तीच्या बायका आल्या. बायकांवर तिथे कोणी गोळी झाडत नाही.

म्हणजे मोहिते एकटा गेला असता तर त्याला बहुधा काही झालं नसतं. हे मला त्याच दिवशी, अकरा एकतीसनंतर दोन-तीन मिनिटांत कळलं.

तानने रिपोर्ट टाइप करायला घेतला. जखमी: थापा. मृत: लोकल एस्कॉर्ट, एक. कारणाच्या रकान्यात त्याने 'ट्रायबल डिस्प्यूट' घातलं. मी म्हटलं, कारण लिही, नकाशातली चूक आणि सुभेदाराचा आदेश. तो म्हणाला, "नॉट युवर फॉल्ट, लाह. यू सेव्ह्ड वन मॅन." मला असा राग आला की मी टेबलावर मूठ आपटली. काच तडकली. खालच्या शिंप्याचं मशीन थांबलं. मी त्याला मराठीत घाण घाण शिव्या दिल्या, आणि त्यातल्या निम्म्या मला स्वतःला होत्या. तो ऐकून घेत उभा राहिला. मग त्याने खणातून लाल पेन्सिल काढली, माझ्यासमोर ठेवली आणि बाहेर निघून गेला. रिपोर्टात मी सांगितलं तसंच लिहिलेलं नंतर पाहिलं. त्याला मी कधी सॉरी म्हटलं नाही, आणि ते राहूनच गेलं.

नकाशा पुन्हा केला. रेघ घातली, दरीच्या या धारेपासून त्या धारेपर्यंत. हिरवा मार्ग झाडापाशी तोडला. झाड काढलं. नकाशात झाडाला नाव नसतं. नाव असतं ओढ्याला, टेकडीला, खिंडीला. मी झाडाशेजारी लहान अक्षरांत 'नियाज' लिहिलं. तानने तपासताना त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, प्लेस नेम. त्याने सही केली.

चार महिन्यांनी मोहिते सुट्टीवर जाताना सिंगापुरात उतरला. क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन रात्री राहिला. पहिल्या दिवशी बायकोने त्याला पिठलं-भाकरी केली, आणि तो मान खाली घालून जेवला. हात धुतल्यावर म्हणाला, "साहेब, एक निरोप हाय. नियाजच्या भावाचा. सांगू का नको, असं झालंय."

"सांग."

"त्यानं इच्यारलं, फोनवर कोन व्हतं. म्या सांगितलं. लबाड बोलाया यीना. मंग तो म्हनला, त्या मानसाशी आमचं वैर न्हाई. भाऊ सोताच्या जबानीनं गेला. पर त्याला म्हनावं, आता गावात यिऊ नगो. झाडाच्या अलीकडंबी त्याला कुनी सोबत न्हाई."

बायको भांडी घेऊन आत गेली. मला त्या भावाचा राग आला नाही. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी मोहितेला म्हटलं की दुसऱ्या मार्गाने मी तुला पाठवायला हवं होतं. तो म्हणाला, "मला ठावं हाय, साहेब. म्या झाडाखाली त्याचीच वाट बगत हुतो." त्यानंतर आम्ही या विषयावर कधी बोललो नाही. तो त्या नोकरीवर परत गेला नाही.

मी मात्र राहिलो. पुढच्या हंगामात त्याच दरीत दुसरी टीम गेली. प्रमुख कोणी वेगळा होता, परदेशी, तरुण, मला फक्त आवाजाने माहीत. त्याच्या हातात नवा नकाशा होता. पहिल्या दिवशी साडेदहाचा रिपोर्ट दहा मिनिटं उशिरा आला. मी फोन उचलला. झाड, रेघ, अकरा वर्षांचं पाणी, लाल दाढी, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. तो नकाशात वाचून बोलत होता.

"रीच्ड नियाज. चेंजिंग एस्कॉर्ट. ओव्हर."

मी लॉगबुक पुढे ओढलं. त्याने पुन्हा विचारलं, ऐकू आलं का, ओव्हर. मी म्हटलं, "रॉजर. वेट देअर टिल द अदर मॅन टेक्स युवर हँड. ओव्हर." आणि लॉगबुकात वेळ लिहिली, दहा चाळीस, आणि पुढे ठिकाण लिहिलं, नियाज.